शेपटीची क्रियापदं आणि अठ्ठेचाळीस घरांचं पाणी

आमच्या इमारतीतल्या अठ्ठेचाळीस घरांचं पाणी एका मंगळवारी चार तास बंद होतं, आणि त्याला जबाबदार मी आहे. हे मी सोसायटीच्या सभेत कबूल केलंय, लेखी दिलंय, आणि दिलगिरीच्या पत्राची एक प्रत माझ्याकडे फाइलही करून ठेवलीय. पण दिलगिरी व्यक्त करताना माझी मान जेवढी खाली जायला हवी होती तेवढी गेली नाही, अशी सेक्रेटरींची तक्रार आहे. तक्रार खरी आहे. मला त्या दिवसाचा अभिमान वाटतो. का वाटतो ते सांगतो, फक्त मधेमधे थांबवू नका. मला सलग बोलायची सवय आहे आणि रिटायर झाल्यापासून ऐकणारी माणसं कमी झालीयत.

तर, आमची ही गणवेश शिवायच्या कारखान्यात आहे. बावीस वर्षं झाली, चार नंबरच्या लाइनवर. तिच्या शेजारी बसून शिवण शिकलेल्या चार मुली एकेक करून सुपरवायझर झाल्या आणि हिलाच येऊन सांगायला लागल्या, "काकू, टाका जरा बारीक घ्या." ही आपली मशीनवरच. कारण एकच, इंग्रजी. माल बाहेरच्या देशांत जातो, तिकडचे तपासनीस येतात, ते इंग्रजीत विचारतात आणि सुपरवायझरने इंग्रजीत उत्तर द्यायचं असतं. त्यासाठी तोंडी परीक्षा. हिने दोनदा दिली, दोन्ही वेळा "पुढच्या खेपेला बघू" झालं. आता कारखान्याने नोटीस लावली की एकावन्न वर्षं पूर्ण झालेल्यांना यापुढे परीक्षेला बसता येणार नाही. हिला एकावन्न पूर्ण व्हायला दोन महिने राहिले होते. म्हणजे ही शेवटचीच खेप.

एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अहो, मला इंग्रजी शिकवाल का?"

आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिने मला "जरा सरका", "बल्ब बदला", "हळू बोला" असं पुष्कळ सांगितलं, पण "शिकवा" हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला. माझी छाती अशी फुगली की बनियन घट्ट झालं. मी वीज केंद्रात सुरक्षा विभागात एकतीस वर्षं काढलीयत. तिथल्या सगळ्या इंग्रजी नोटिसा मी लिहिल्यात. माझ्या नोटिसा वाचून लोक अंगावर काटा आला म्हणायचे.

पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की हिचं इंग्रजी मी समजत होतो तेवढं कच्चं नाही. सुई, दोरा, काज, कफ, शिलाई, सगळे शब्द तोंडपाठ. साधी क्रियापदंही येतात. गाडी अडते ती क्रियापदांच्या शेपट्यांशी. इंग्रजांनी क्रियापदं थोडी केली आणि काटकसरीने त्यांनाच वेगवेगळ्या शेपट्या लावून दिल्या. लुक म्हणजे बघणे. इथपर्यंत ठीक. पण लुक फॉर म्हणजे शोधणे, लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे, लुक इंटू म्हणजे चौकशी करणे, आणि लुक डाउन ऑन म्हणजे तुच्छ लेखणे. मागच्या परीक्षेत तपासनीस हिला सदोष मालाचं खोकं दाखवून म्हणाला होता की यात लुक इंटू करा. त्याला चौकशी हवी होती. हिने खोक्यात डोकं घातलं.

"त्यात हसण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली.

मी हसलो नव्हतो, खोकलो होतो. पण जाऊ द्या.

मी कामाला लागलो. आधी वही केली. गिव्ह अप म्हणजे नाद सोडणे, गिव्ह इन म्हणजे दुसऱ्यापुढे नमतं घेणे. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, कॉल ऑफ म्हणजे रद्दच करणे. असे एकशे चाळीस जोड झाले. ही कारखान्यातून दमून यायची, वही उघडायची आणि अकराव्या जोडाला तिची मान पडायची. तिची चूक नव्हती. वहीत शेपट्या एकमेकींच्या शेजारी बसतात आणि एकमेकींत गुंततात. मग मला आमच्या खात्याची पद्धत आठवली. आमच्याकडे कुठलीही सूचना वहीत राहत नाही, ती वस्तूवर लटकते.

इथे टॅगबद्दल सांगायला हवं. वीज केंद्रात एखादं यंत्र दुरुस्तीसाठी बंद केलं की त्याच्या खटक्यावर पुठ्ठ्याचा लाल टॅग लटकवतात. त्यावर ठळक छापलेलं असतं: 'चालू करू नये. ज्याने लावला त्यानेच काढावा.' खाली सही. मग साहेब येऊ दे, साहेबाचा साहेब येऊ दे, त्या टॅगला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. कारण आत कोणाचा तरी हात असतो. मी एकतीस वर्षं हाच नियम शिकवला. मी रिटायर झालो तेव्हा प्लास्टिकचे नवे टॅग आले आणि जुने नऊशे भंगारात निघाले. पुठ्ठा इतका सुरेख की माझा जीव तुटला. अर्ज केला, तीन महिन्यांनी तीन सह्या मिळाल्या, गेटपास मिळाला आणि नऊशे टॅग घरी आले. "हे काय आणलंत?" असं हिने तेव्हा विचारलं होतं. आता कळलं ना, म्हटलं.

टॅगची मागची बाजू कोरी असते. तिथे मी मोठ्या अक्षरांत एकेक शेपटीवालं क्रियापद लिहिलं, खाली अर्थ, आणि दोऱ्याने वस्तूंना बांधायला सुरुवात केली. कपाटाला पुट अवे, म्हणजे जागच्या जागी ठेवणे. शेगडीला पुट आउट, म्हणजे विझवणे. हँगरवरच्या कोटाला पुट ऑन, म्हणजे अंगात घालणे. रेडिओला टर्न अप आणि टर्न डाउन, म्हणजे आवाज वाढवणे आणि कमी करणे. चार दिवसांत आमचं घर मालगोदामासारखं दिसायला लागलं. पण हिला जमायला लागलं हो! कपाट उघडताना ती पुटपुटायची, शेगडी बंद करताना पुटपुटायची. तिची स्वतःची एक रीतही होती. मी शेपट्या म्हणायचो, तर ती म्हणायची, "कापड तेच, कॉलर वेगळी. कॉलर बदलली की शाळेचा गणवेश हॉस्पिटलचा होतो." माझ्या थिअरीपेक्षा ही बरी आहे हे मला कळलं होतं. मी बोललो नाही.

पाचव्या दिवशी माझ्या आरामखुर्चीला एक टॅग दिसला. अक्षर हिचं. 'पुट अप विथ: सहन करणे.'

"ही खुर्ची जुनी झालीय म्हणून?" मी विचारलं.

"खुर्चीचं काही नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

घरातल्या वस्तू संपल्या तेव्हा मी जिन्याकडे वळलो आणि तिथे सोसायटी आडवी आली. आमचे सेक्रेटरी बँकेत कॅशियर आहेत. त्यांना कागद दिसला की सही दिसते आणि सही दिसली की शिक्का आठवतो. जिन्याच्या कठड्याला मी होल्ड ऑनचा, म्हणजे घट्ट धरण्याचा, टॅग बांधत होतो तोच ते मागे येऊन उभे राहिले.

"कोणाच्या परवानगीने?"

"इंग्रजीच्या," मी म्हणालो. चुकलंच माझं.

अर्ज द्यावा लागला, तीन प्रतींत. कार्यकारिणीची बैठक बसली. एक जण म्हणाला, लिफ्टमध्ये इंग्रजी लावलं तर भाडेकरू जास्त शिकलेले येतील. दुसरा म्हणाला, म्हणूनच लावू नये. तळमजल्यावरच्या रिटायर हेडबाई म्हणाल्या, लावायला हरकत नाही, पण आधी मला तपासून घ्या. ही सूचना मला झोंबली. शेवटी परवानगी मिळाली, तीन अटींवर. खिळा मारायचा नाही. चिकटपट्टी लावायची नाही. आणि प्रत्येक टॅगवर तो लावणाऱ्याची सही हवी, म्हणजे उद्या कोणी तक्रार केली तर कोणाला धरायचं ते कळेल. ही तिसरी अट सेक्रेटरींची, त्यांनीच सुचवली, त्यांनीच अनुमोदन दिलं. कृपया नोंद घ्या.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमधल्या माझ्या टॅगवर लाल शाईची रेघ होती. मी 'गेट ऑन', म्हणजे चढणे, असं लिहिलं होतं. हेडबाईंनी ते खोडून 'गेट इन' केलं होतं आणि खाली लिहिलं होतं, "बसमध्ये गेट ऑन, लिफ्टमध्ये आणि मोटारीत गेट इन. पुन्हा पाच वेळा लिहा." अठ्ठेचाळीस घरांनी ते वर जाताना वाचलं आणि खाली येताना पुन्हा वाचलं. तीन दिवस मी जिन्याने जात होतो. हेडबाईंचं बरोबर होतं, हे जास्त वाईट होतं.

हिची पाळी मंगळवारी अकराला होती. सोमवारी संध्याकाळी मी हिची उजळणी घेतली. सगळं आलं, पण बंद करण्याच्या क्रियापदांचा घोळ काही सुटेना. टर्न ऑफ म्हणजे साधं बंद करणे, दिवा बंद करतो तसं. कट ऑफ म्हणजे पुरवठा तोडणे. शट डाउन म्हणजे अख्खं यंत्र पूर्ण बंद ठेवणे. ही तिन्ही एकमेकांत घालत होती आणि कारखान्यात यंत्रंच यंत्रं, म्हणजे नेमकं हेच विचारणार. तिचा चेहरा उतरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "माझ्या डोक्यात नाही शिरत. गिव्ह अप."

"गिव्ह अप नाही!" मी म्हणालो. "खाली चल. पंप बघू."

संध्याकाळचं पाणी टाकीत चढवून झालं होतं. पंपाच्या खोलीत आम्ही दोघं उभे राहिलो. मी तिला खटका दाखवला, मुख्य तार दाखवली, झडप दाखवली, आणि हाताला धरून तिन्हींतला फरक समजावला. तिला पटकन कळला. मग ती म्हणाली, "हा टॅग मीच लिहिते आणि मीच बांधते, म्हणजे पक्का होईल." तिने लिहिलं: 'शट डाउन: पूर्ण बंद ठेवणे.' सोसायटीची तिसरी अट म्हणून पुढच्या बाजूला सही केली. तारीख घातली. दोन गाठी मारून खटक्यावर लटकवला. मी तिच्याकडे बघत होतो. किती नीट गाठ मारली होती! मला फक्त तिची गाठ दिसली. टॅगची छापील बाजू कुठल्या दिशेला तोंड करून लोंबतेय हे एकतीस वर्षं सुरक्षा विभागात काढलेल्या माणसाने बघितलं नाही.

मंगळवारी ही सातलाच गेली. साडेआठला आमचे पंपवाले आले. त्यांना सगळे फोरमन म्हणतात. ते कधीच फोरमन नव्हते. ते आमच्याच वीज केंद्रात मदतनीस होते, रिटायर झाल्यावर इथे पंप सांभाळतात. म्हणजे लुक आफ्टर. नऊला वरच्या मजल्यावरून पहिली हाक आली, "पाणी गेलं!" सव्वानऊला सेक्रेटरी साबण लावलेल्या अवस्थेत, टॉवेल गुंडाळून, खाली उतरले. मी त्यांच्या मागे.

फोरमन खटक्यासमोर हाताची घडी घालून उभे होते.

"पंप चालू करा," सेक्रेटरी म्हणाले.

"टॅग आहे," फोरमन म्हणाले.

"अहो, तो शिकवणीचा टॅग आहे! मागची बाजू बघा!"

फोरमननी टॅग उलटा केला आणि सावकाश वाचला. "शट डाउन. पूर्ण बंद ठेवणे." मग परत सुलटा केला. "दोन्हीकडे एकच लिहिलंय."

सेक्रेटरींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ते टॅगकडे हात नेणार तेवढ्यात फोरमन मधे आले. शांतपणे, पण आले. "साहेब," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "नियम तुम्हीच शिकवलात. आमच्यातल्या एकाचा हात गेला त्या वर्षी. टॅग कोणीतरी गंमत म्हणून काढला होता. त्याच्या अपघाताचा रिपोर्ट तुम्हीच लिहिला ना?"

मीच लिहिला होता. तो लिहिताना माझा पेन दोनदा थांबला होता. मी मान डोलावली.

"टॅगवर तुमच्या बायकोची सही. तुम्ही तिचे यजमान," सेक्रेटरी म्हणाले. "तुम्ही काढा. नाहीतर तिची सही तुम्हीच मारा एका कागदावर. घरचंच माणूस आहे."

अहो, मी कसला माणूस आहे हे यांना अठरा वर्षांत कळलं नाही! माझ्या तोंडावर हा माणूस मला दुसऱ्याची सही करायला सांगत होता, आणि तेही साबणाच्या अंगाने. मी म्हणालो, "सही तिची आहे. तीच काढेल. शिवाय तिसरी अट तुमचीच होती." यावर त्यांना बोलता आलं नाही, पण आता पायऱ्यांवर बादल्या घेऊन वीसेक माणसं जमली होती आणि त्यांना पुष्कळ बोलता येत होतं. कोणी म्हणालं टाकी फोडा. कोणी म्हणालं इंग्रजीच बंद करा. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी मला विचारलं, "काका, तुम्हाला दुसरा काही छंद नाही का?"

हिला फोन लागत नव्हता. कारखान्यात फोन गेटवर जमा करून घेतात. शेवटी ठरलं की मी आणि सेक्रेटरींनी कारखान्यात जाऊन हिला तासाभरासाठी घेऊन यायचं. मी निघालो हे मान्य करतो. इतक्या लोकांसमोर माझी पाचावर धारण बसली होती. मनात म्हटलं, परीक्षा दुपारी देईल. पुट ऑफ करतील ते. फोरमनही आमच्याबरोबर निघाले. "टॅग काढणाऱ्या माणसाला सोबत लागते," ते म्हणाले. खोलीला त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. सेक्रेटरींनी अंगावरचा साबण पुसला आणि त्यावरच शर्ट चढवला. बसमध्ये त्यांना सारखी खाज येत होती.

कारखान्याच्या गेटवर पोचलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. गेटजवळच्या बाकावर दोन मुली बसल्या होत्या, पंचविशीतल्या, कपड्यांना कडक इस्त्री केलेल्या, आणि एकमेकींना भराभर इंग्रजीतून काहीतरी सांगत होत्या. त्यांची परीक्षा होऊन गेली होती. एक म्हणाली, "आता काकू गेल्यात आत." दुसरी म्हणाली, "बिचाऱ्या." आणि दोघी हसल्या.

गेटवरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "बोलवायचं का? आत फोन लावतो." त्याने रिसीव्हर उचलला.

"लावा, लावा!" सेक्रेटरी म्हणाले.

मला काय झालं ते सांगता येत नाही. मी पुढे झालो आणि फोनच्या बटणावर हात ठेवला.

"ठेवा तो," मी म्हणालो.

"अहो, अठ्ठेचाळीस घरं!"

"अठ्ठेचाळीस घरं थांबतील."

"माझी बँक आहे!"

"बँकही थांबेल. माझी बायको बावीस वर्षं थांबलीय. चार मुली तिच्यापुढे गेल्या तेव्हा तुमच्यापैकी कोणी खाली उतरलं होतं का टॉवेल गुंडाळून? आज तिची शेवटची खेप आहे. आता या दारातून तिला कोणी हाक मारणार नाही. तुम्ही नाही आणि मीही नाही." माझा आवाज चढला होता. वीज केंद्रात मी कधी असा ओरडलो नाही, तिथे मी नोटीस लावायचो.

सेक्रेटरींनी इमारतीत फोन लावला, बहुधा माझ्याविरुद्ध ठराव करायला. फोन हेडबाईंनी घेतला. त्यांचा आवाज मलाही ऐकू आला, त्यांचा आवाज दोन वर्गांपलीकडे जातो. "परीक्षा चालू असताना मुलीला उठवायचं नाही!" त्या म्हणाल्या. "मी सगळ्यांना समजावते. एक दिवस आंघोळ नाही केली म्हणून कोणी मरत नाही. आणि तुम्ही तिथे शांत बसा."

आम्ही तिघं बाकावर शांत बसलो. त्या दोन मुलींनी आम्हाला जागा करून दिली. फोरमननी माझ्या गुडघ्यावर एकदा थोपटलं आणि समोर बघत राहिले.

बाराला ही बाहेर आली. आम्हाला बघून पहिल्यांदा दचकली. "कोण गेलं?"

"पाणी," मी म्हणालो.

सगळं ऐकल्यावर तिने कपाळावर हात मारला, सेक्रेटरींची माफी मागितली, पर्स सावरली आणि बसस्टॉपकडे चालू लागली. कशी झाली म्हणून विचारायची मला हिंमत होईना. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, सत्तावीस वर्षं कळलं नाही तर आज कुठून कळणार. बसमध्ये ती खिडकीशी बसली. मग स्वतःच बोलली.

"टर्न ऑफ, शट डाउन काही विचारलं नाही त्यांनी."

"काहीच नाही?"

"नाही. तो तपासनीस म्हणाला, गेटवर ट्रक उभा आहे, खोक्यातल्या मालाची शिलाई खराब आहे, मॅनेजर म्हणतो पाठवून द्या. तू काय करशील? मी म्हटलं, आय पुट टॅग. आय साइन. नोबडी टेक ऑफ. तो म्हणाला, मॅनेजरने काढला तर? मी म्हटलं, मॅनेजर ऑल्सो नॉट टेक ऑफ. ओन्ली आय. बॉक्स इन्साइड इज समबडीज चाइल्ड शर्ट."

"मग?"

"मग तो म्हणाला, मॅनेजर ओरडला तर? मी म्हटलं, ही शाउट. आय नॉट गिव्ह इन." ती माझ्याकडे वळली. "चुकलं ना?"

मी व्याकरणाच्या चुका मोजल्या होत्या. सात होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मला आकडा सांगावासा वाटला नाही. शेपट्या मात्र दोन्ही अचूक होत्या. लग्न झाल्यापासून मी जेवताना टॅगच्या गोष्टी सांगत आलो. कोणी लावला, कोणी काढला, कोणाला मी काय सुनावलं. ही भांडी आवरत "हं, हं" करायची. मला वाटायचं हिचं लक्ष नाही. आणि परक्या माणसासमोर, परक्या भाषेत, शेवटच्या खेपेला हिला तेच आठवलं. मला तिथेच बसमध्ये रडू यायला लागलं. सेक्रेटरी शेजारी होते म्हणून मी नाक शिंकरल्यासारखं केलं.

"नाही चुकलं," मी म्हणालो. "एकदम बरोबर बोललीस."

इमारतीत शिरलो तर जिन्यावर, दारात, पंपाच्या खोलीसमोर माणसं आणि बादल्या. हेडबाई खुर्ची टाकून मधोमध बसल्या होत्या, त्यामुळे शांतता होती. ही पुढे झाली आणि तिने टॅगच्या गाठीला हात घातला.

"थांबा वहिनी," फोरमन म्हणाले. त्यांनी कोनाड्यातून एक रजिस्टर काढलं. आखलेले रकाने, वर स्वच्छ अक्षरात मथळा. "आधी नोंद. मग टॅग."

"अजून नोंद?" सेक्रेटरी ओरडले. ते चार तास साबणात होते.

"नोंद हवीच," मी म्हणालो. हिने पेन घेतला. तारीख लिहिली. वेळ लिहिली, एक वाजता. नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात 'हुद्दा' होतं. तिथे तिचा हात क्षणभर थांबला आणि मग तिने लिहिलं. मी खांद्यावरून वाकून वाचलं. 'सुपरवायझर, लाइन नंबर चार.'

मी पुन्हा वाचलं. माझ्या तोंडून निघालं ते मात्र सवयीने निघालं. "अगं, लेखी ऑर्डर हातात आल्याशिवाय तसं लिहिता येत नाही."

"निघताना सांगितलं त्यांनी मला," ती हळू आवाजात म्हणाली. "ऑर्डर उद्या देणार आहेत. खोडू का?"

"खबरदार खोडलंस तर!" मी म्हणालो.

हेडबाई खुर्चीतून उठल्या, रजिस्टरमध्ये बघितलं, आणि लाल पेन न काढता मोठ्याने वाचून दाखवलं. जिन्यावरच्या ज्या बाईंनी मला छंदाबद्दल विचारलं होतं त्यांनी बादली खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. सेक्रेटरींनीही एका हाताने मान खाजवत दुसरा हात मांडीवर आपटला. हिने गाठ सोडली, टॅग काढला, फोरमनच्या हातात दिला. फोरमननी तिला सॅल्यूट केला, अगदी वीज केंद्रातला, आणि खटका ओढला. पंप घरघरला. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "आलं! आलं!"

"साहेब, साक्षीदाराची सही राहिली," फोरमन म्हणाले आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. मी तारीख घातली, वेळ घातली, नाव लिहिलं. हुद्द्याच्या रकान्यात आजवर मी 'निवृत्त सुरक्षा अधिकारी' असं लिहीत आलोय. सगळे बघत होते, ही पण बघत होती. मी चष्मा पुसला आणि ठळक अक्षरात लिहिलं: 'सुपरवायझरबाईंचे यजमान.'